अमेरिकेतल्या स्टेट युनिव्हर्सिटीचं ऑनर्स कॉलेज आणि शिष्यवृत्त्या: मराठी पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

रविवारी आमच्या मंडळाची मराठी शाळा भरते. मुलं वर्गात आणि आई-बाबा बाहेर कॅफेटेरियात. अकरावीतल्या मुलांचे पालक कोण हे ओळखायला वेळ लागत नाही, कारण ऑक्टोबर उजाडला की त्यांचे प्रश्न सुरू होतात. माझी दोन्ही मुलं न्यू जर्सीच्या पब्लिक स्कूलमधून स्टेट युनिव्हर्सिटीत गेली आणि दोघांनीही ऑनर्स केलं. तेव्हापासून हे प्रश्न माझ्याकडे येतात. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

ऑनर्स कॉलेज म्हणजे नेमकं काय? आपल्याकडच्या बीए ऑनर्ससारखं का?

नाही. भारतात ऑनर्स म्हणजे एका विषयाचा जास्त खोलात जाऊन केलेला अभ्यास. इथे ऑनर्स कॉलेज म्हणजे मोठ्या विद्यापीठाच्या पोटात असलेलं छोटं कॉलेज. मूल इंजिनिअरिंगला असो की इतिहासाला, पदवी त्याच विद्यापीठाची मिळते. फक्त काही वर्ग वीस-बावीस जणांचे असतात, राहायला बहुतेक ठिकाणी वेगळं डॉर्म असतं, कोर्सची नोंदणी इतरांच्या आधी करता येते आणि सल्ला द्यायला स्वतंत्र माणसं असतात. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो.

या पद्धतीचं मूळ १९२२ साली स्वार्थमोर या छोट्या खाजगी कॉलेजात आहे. तिथले अध्यक्ष फ्रँक एडलॉट ऑक्सफर्डला शिकून आले होते आणि तिथल्यासारखी छोट्या गटांतली शिकवणी त्यांनी इथे आणली. स्टेट युनिव्हर्सिट्यांनी ती पुढे आपल्या पद्धतीने उचलली. टेक्सासच्या ऑस्टिनमधला ‘प्लॅन टू’ १९३५ पासून चालू आहे, ओरेगनचं क्लार्क ऑनर्स कॉलेज १९६० चं, अ‍ॅरिझोना स्टेटचं बॅरेट १९८८ चं. पेन स्टेटचं श्रायर १९९७ साली तीन कोटी डॉलरच्या देणगीतून उभं राहिलं. आमच्या न्यू जर्सीतल्या रटगर्सचं ऑनर्स कॉलेज अगदी अलीकडचं, २०१५ चं.

आयव्ही लीगला नंबर लागला नाही म्हणून ऑनर्स, असंच ना?

हे वाक्य मुलांसमोर बोलू नका, एवढी एकच कळकळीची विनंती. त्यांना ते वर्षानुवर्षं आठवतं.

खरी गोष्ट अशी की या दोन वेगळ्या जागा आहेत. हजारो मुलांच्या विद्यापीठात प्रयोगशाळा, प्राध्यापक, विषय यांचा पसारा प्रचंड असतो. अडचण असते ती त्यात हरवून जाण्याची, आणि ऑनर्स कॉलेज नेमकी तीच दूर करतं. माझ्या मुलीच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक बाई दर गुरुवारी तिला अर्धा तास देत. तिने लिहून नेलेल्या पानांवर पेन्सिलने इतक्या खुणा असायच्या की मूळ मजकूर शोधावा लागे. ती पानं आजही तिच्या कपाटात आहेत. असं लक्ष अंडरग्रॅज्युएट मुलाला सहजी मिळत नाही.

पण ज्या मुलाला जास्तीचं वाचायला आणि लिहायला मनापासून नको आहे, त्याला केवळ नावासाठी ऑनर्समध्ये ढकलू नका. चार वर्षं जीपीए (चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) साधारण ३.२ ते ३.५ च्या वर टिकवायचा असतो, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी प्रबंध असतो.

वेगळा अर्ज करावा लागतो का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी. रटगर्समध्ये वेगळा अर्ज नाही, प्रवेशाच्या अर्जावरूनच ते ऑनर्ससाठी मुलं निवडतात. मेरीलँडमध्येही तसंच, पण १ नोव्हेंबरच्या मुदतीत अर्ज गेला पाहिजे. पर्ड्यूतही ऑनर्स आणि गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीसाठी १ नोव्हेंबरचीच तारीख धरून चाला. जॉर्जियाची लवकरच्या अर्जाची तारीख त्याहून आधी, १५ ऑक्टोबर. श्रायरला मात्र स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र एसे, म्हणजे निबंध. ऑस्टिनमध्ये तर एकाच विद्यापीठात अनेक ऑनर्स आहेत: प्लॅन टू वेगळा, कॉम्प्युटर सायन्सचं ट्युरिंग स्कॉलर्स वेगळं, बिझनेसचं कॅनफील्ड वेगळं. तारखा वर्षागणिक थोड्या सरकतात, तेव्हा त्या वर्षीच्या तारखा विद्यापीठाच्या पानावरूनच घ्या, मागच्या वर्षीच्या मुलाच्या आईकडून नकोत. मी सांगितलेल्याही एकदा ताडून बघा.

टेक्सासमधल्या पालकांसाठी आणखी एक. १९९७ च्या कायद्याने वर्गात वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या मुलांना तिथल्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनपुरती ती अट आता पाच टक्क्यांवर आली आहे. पण हा प्रवेश विद्यापीठाचा. हव्या त्या मेजरचा (मुख्य विषयाचा) नाही आणि ऑनर्सचा तर नाहीच. प्लॅनो-फ्रिस्कोकडच्या घरांत ‘आपला टॉप फाइव्ह आहे, झालं काम’ असं म्हणून एसे घाईघाईत उरकले जातात आणि मग मार्चमध्ये वाईट वाटतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मुलाने एका विद्यापीठाचा अर्ज ऑक्टोबरमध्येच पाठवला. आम्ही निर्धास्त. अर्ज पोचल्यावर विद्यापीठ प्रत्येकाला स्वतःचं पोर्टल उघडून देतं. त्या पोर्टलमध्ये डिपार्टमेंटच्या शिष्यवृत्तीचा दुसरा फॉर्म होता, १ डिसेंबरपर्यंतचा. त्याची ईमेल जाहिरातींच्या फोल्डरमध्ये जाऊन पडली. आम्हाला ती सापडली जानेवारीत. फोन केला, विनंती केली, उत्तर नम्र होतं पण नाहीच होतं. चार वर्षांचे पैसे एका न उघडलेल्या ईमेलपायी गेले. म्हणून सांगते, अर्ज गेला की दर रविवारी संध्याकाळी मुलाला शेजारी बसवा आणि प्रत्येक पोर्टल उघडून बघा. पासवर्ड त्याच्याकडेच असू दे, पण बघा दोघांनी मिळून.

एसएटी किती लागते?

एसएटी म्हणजे कॉलेजप्रवेशासाठी देशभर घेतली जाणारी परीक्षा. तिचा एकच आकडा नाही. कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं एसएटी बघतच नाहीत, श्रायरही निवडताना बघत नाही. काही ठिकाणी, विशेषतः दक्षिणेकडच्या विद्यापीठांत, शिष्यवृत्तीचा तक्ताच एसएटी आणि जीपीएवर बेतलेला असतो आणि तीस गुणांनी हजारोंचा फरक पडतो. विद्यापीठ कुठलं हे ठरल्यावरच क्लासवर पैसे घालायचे की नाही ते ठरवा. शाळेत उपलब्ध होते त्यातले अवघड विषय मुलाने घेतले का, हे मात्र सगळीकडे बघतात.

एसेमध्ये काय लिहायचं? भारतातून आलो, आई-बाबांनी कष्ट केले, तेच ना?

आपले कष्ट खरे आहेत, पण एसे आपला नाही, मुलाचा आहे. ऑनर्सचे प्रश्न बहुतेक वेळा मूल विचार कसं करतं हे शोधणारे असतात. एखाद्या प्रश्नाने तुला कधी झोप लागू दिली नाही? कुठल्या मुद्द्यावर तुझं मत बदललं? अशा प्रश्नांना यशाची यादी चालत नाही.

आमच्या मंडळातला एक मुलगा गणेशोत्सवात साउंड सांभाळायचा. कार्यक्रम शाळेच्या कॅफेटेरियात, छत खाली, फरशी गुळगुळीत. आरती सुरू झाली की माइक शिट्टी मारायचा. दोन वर्षं सगळ्यांनी माइक बदलून पाहिले. या मुलाने तिसऱ्या वर्षी माइकला हातच लावला नाही. त्याने स्पीकरच्या जागा बदलत नेल्या, प्रत्येक वेळी शिट्टी कुठल्या स्वराला येते ते फोनवर मोजून वहीत लिहिलं आणि शेवटी इक्वलायझरवर नेमका तेवढाच स्वर खाली ओढला. एसे त्याने यावरच लिहिला. त्यात एक वाक्य होतं, की पहिले दोन अंदाज चुकल्याचं त्याला सगळ्यांसमोर सांगावं लागलं आणि तेव्हा टाळ थांबले होते. आम्ही मोठे म्हणत होतो, ‘अरे, रोबोटिक्सचं बक्षीस लिही.’ बरं झालं त्याने ऐकलं नाही. त्याला ऑनर्सही मिळालं आणि विद्यापीठाची शिष्यवृत्तीही. ज्यांनी त्याचा अर्ज वाचला त्यांनी स्वागतपत्रात हाताने टाळांचा उल्लेख केला होता.

एसे पालकांनी दुरुस्त करू नये. वाचावा, जिथे कळलं नाही तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढावं आणि वही परत द्यावी.

मराठी शाळेचा काही उपयोग होतो का?

होतो, पण शाळा त्यासाठी काढलेली नाही हे आधी म्हणते. अनेक राज्यांत दोन भाषा चांगल्या येणाऱ्या मुलांच्या हायस्कूल डिप्लोम्यावर ‘सील ऑफ बायलिटरसी’ मिळतं. सुरुवात २०११ साली कॅलिफोर्नियाने केली. परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या भाषांमध्ये मराठीही आहे. मुलाच्या शाळेतल्या काउन्सेलरना दहावीतच विचारा, कारण बहुतेकांना मराठीची परीक्षा आहे हे माहीतच नसतं. सीलमुळे काही विद्यापीठांत भाषेच्या विषयाचं क्रेडिट मिळतं. आणि आजीला फोनवर वाचून दाखवत दाखवत ज्याने देवनागरी पक्की केली, त्याच्या चार वर्षांच्या रविवारांना एक कागद मिळतो. मला ते महत्त्वाचं वाटतं.

शिष्यवृत्ती शोधायची कुठे?

इंटरनेटवरच्या याद्यांपासून सुरुवात करू नका. मोठी रक्कम बहुतेक वेळा विद्यापीठाकडूनच येते, त्याखालोखाल राज्याकडून. बाहेरच्या संस्थांचा नंबर त्यानंतर.

आधी आपलं राज्य. जॉर्जियात १९९३ पासून होप शिष्यवृत्ती आहे, लॉटरीच्या उत्पन्नातून चालते. हायस्कूलला ३.० जीपीए लागतो आणि कॉलेजातही तो टिकवावा लागतो. त्याच्या वरची झेल मिलर शिष्यवृत्ती ३.७ वाल्यांची. फ्लोरिडाची ब्राइट फ्युचर्स १९९७ पासून, तीही लॉटरीवर. तिच्या वरच्या पायरीसाठी गुणांबरोबर शंभर तासांची समाजसेवा किंवा पगारी काम लागतं आणि ते तास शाळेत वेळेवर नोंदवलेले असावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये सिटी युनिव्हर्सिटीचं मॅकॉले ऑनर्स कॉलेज आहे, २००१ साली सुरू झालेलं. तिथे निवड झालेल्या, राज्याच्या रहिवासी दराला (राज्यात राहणाऱ्यांच्या कमी फीला) पात्र मुलांची ट्यूशन, म्हणजे विद्यापीठाची शिक्षणाची फी, पूर्ण माफ होते. क्वीन्समध्ये राहणाऱ्या मराठी घरांनी मॅकॉलेचं नाव यादीत सगळ्यात वर लिहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

मग शेजारची राज्यं. पश्चिमेकडच्या राज्यांचा वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज नावाचा करार आहे. त्यात भाग घेणारी विद्यापीठं दुसऱ्या राज्यातल्या मुलाकडून तिथल्या रहिवासी ट्यूशनच्या दीडपटीहून जास्त घेत नाहीत. सगळी विद्यापीठं आणि सगळे विषय त्यात नसतात. टेक्सासची एक तरतूद फार थोड्या लोकांना माहीत असते: तिथल्या सरकारी विद्यापीठाची निदान एक हजार डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली, तर बाहेरच्या राज्यातल्या मुलालाही इन-स्टेट, म्हणजे रहिवासी दर लागू होऊ शकतो. म्हणजे हजाराच्या त्या पत्राची किंमत प्रत्यक्षात कितीतरी पट. हे प्रत्येक विद्यापीठ सारख्या हाताने देत नाही, जागा मर्यादित असतात, म्हणून थेट विचारा.

अलाबामासारखी काही विद्यापीठं बाहेरच्या राज्यांतली हुशार मुलं आणण्यासाठी गुणांवर आधारित मोठ्या शिष्यवृत्त्या देतात आणि नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या स्पर्धेत फायनलिस्ट ठरलेल्या मुलांना तर फारच मोठं पॅकेज. टेक्सासमध्ये यूटी डॅलसही अशा मुलांचं स्वागत करतं. नॅशनल मेरिटसाठी अकरावीच्या ऑक्टोबरमधली पीएसएटी (एसएटीच्या आधीची परीक्षा) धरली जाते, दुसरी कुठलीही नाही. पात्रतेची रेषा प्रत्येक राज्याची वेगळी आणि न्यू जर्सीची देशातल्या सगळ्यात वरच्यांपैकी एक. नॅशनल मेरिटची स्वतःची शिष्यवृत्ती एकदाच मिळणारी, अडीच हजार डॉलरची. मोठी रक्कम विद्यापीठं त्या नावावर देतात ती.

आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत. आमच्या मुलांना यातलं काय मिळतं?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली जातो. म्हणून सविस्तर सांगते.

मूल इथे जन्मलं असेल तर ते नागरिक आहे आणि फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरू शकतं. आई-वडिलांच्या व्हिसाचा त्याच्या पात्रतेशी संबंध नाही. कित्येक घरं ‘आपण तर एच-१बी’ म्हणून फॅफ्सा भरतच नाहीत. भरा. काही विद्यापीठं गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीसाठीही तो भरलेला बघतात. एरवी तो १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो.

मूल भारतात जन्मलेलं आणि एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल, तर फॅफ्सा नाही, केंद्र सरकारची मदत नाही, आणि होपसारख्या राज्यांच्या अनेक योजनाही नाहीत. नॅशनल मेरिटसाठी पूर्वी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागायचं, किंवा निदान ग्रीन कार्डचा अर्ज दाखल झालेला असावा लागायचा; आता इथल्याच हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांना ती अट नाही.  

दार पूर्ण बंद नाही. ऑनर्स कॉलेजला व्हिसाशी सहसा देणंघेणं नसतं. विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशांतून मिळणाऱ्या गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या अनेक ठिकाणी एच-४ मुलांना मिळतात. टेक्साससह बऱ्याच राज्यांत एच-४ मुलाला रहिवासी दरही मिळू शकतो. पण मूल एकवीस वर्षांचं झालं की एच-४ संपतो आणि बहुतेकांना एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी, ऐन प्रबंधाच्या वेळी येतं. त्या दिवशी फीचा दर तोच राहणार का? शिष्यवृत्ती चालू राहणार का? हे दोन प्रश्न प्रवेश स्वीकारायच्या आधी, ईमेलवर विचारा आणि लेखी उत्तर ठेवा. फोनवरचं ‘आय थिंक सो’ धरू नका. आमच्या ओळखीतल्या एका घराने असं लेखी उत्तर जपून ठेवलं होतं. तीन वर्षांनी ऑफिसातली माणसं बदलली, पण ती ईमेल दाखवल्यावर दर बदलला नाही.

दोन-तीन ठिकाणची पत्रं आली आहेत. तुलना कशी करायची?

पत्रं छापा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवा, दोन रंगांचे मार्कर घ्या. जे परत करायचं नाही ते हिरवं, जे परत करायचं किंवा कमवायचं ते गुलाबी. विद्यापीठाचं पत्र हे सगळं एकाच रकान्यात, एकाच टायपात छापतं. पहिल्या वर्षीच्या मुलाला मिळणारं साडेपाच हजारांचं सरकारी कर्जसुद्धा तिथे ‘अवॉर्ड’ म्हणून बसलेलं असतं. वर्क-स्टडी म्हणजे मुलाने काम करून मिळवायचा पगार. तोही गुलाबी.

समजा, बाहेरच्या राज्यात वर्षाचा सगळा खर्च ५८ हजार आणि शिष्यवृत्ती २५ हजार. घरच्या राज्यात खर्च ३६ हजार, शिष्यवृत्ती फक्त ५ हजार. पंचवीस हजारांच्या पत्रावर पेढे वाटले जातात, पण भरायचे ३३ हजार. घरच्या राज्यात ३१. वजाबाकी झाल्याशिवाय आनंदही करू नका आणि नाराजही होऊ नका.

मग बारीक अक्षरं. शिष्यवृत्ती एक वर्षाची की चार? जीपीए किती टिकवायचा? मेजर बदललं तर जाते का? ऑनर्सची वेगळी फी आहे का (बॅरेटमध्ये दर सत्राला असते)? ऑनर्स डॉर्म साध्या डॉर्मपेक्षा महाग आहे का? रक्कम गोठलेली आहे आणि फी मात्र दरवर्षी वाढणार, असं बहुतेक ठिकाणी असतं, ते धरून चारही वर्षांचा हिशेब मांडा. १ मेपर्यंत वेळ असते. दुसरीकडचं चांगलं पत्र दाखवून पुनर्विचाराची विनंती करता येते. ती मुलाने स्वतः, आदराने आणि थोडक्यात करावी.

बाहेरच्या शिष्यवृत्त्यांच्या मागे लागावं का?

लागावं, पण ओळखून. कोका-कोला स्कॉलर्ससारख्या देशभराच्या शिष्यवृत्तीत फक्त दीडशे मुलं निवडतात, प्रत्येकी वीस हजार डॉलर. अर्ज जरूर करा, पण गावातलं रोटरी, शाळेचं पालकमंडळ, क्रेडिट युनियन, तुमच्या कंपनीची कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीची योजना इथे अर्जच थोडे येतात. पाचशे-हजारांच्या तीन मिळाल्या तरी पुस्तकं आणि लॅपटॉप सुटतो.

मिळालेली रक्कम विद्यापीठाला कळवावी लागते आणि काही विद्यापीठं तेवढीच आपली मदत कमी करतात. मेरीलँडने २०१७ साली आपल्या सरकारी विद्यापीठांपुरता यावर कायद्याने चाप लावला. इतरत्र आधी विचारा की कमी काय होणार, कर्ज की शिष्यवृत्ती. आणि अर्जासाठी फी मागणारी, ‘तुमची निवड झाली आहे, प्रोसेसिंगचे पैसे भरा’ म्हणणारी शिष्यवृत्ती ही फसवणूक आहे असं समजून तिथेच थांबा.

शिष्यवृत्तीवर कर लागतो का?

पदवीच्या विद्यार्थ्याला ट्यूशन, सक्तीची फी आणि लागणारी पुस्तकं यांच्यासाठी वापरलेल्या रकमेवर नाही. राहण्या-जेवणावर खर्च झालेल्या रकमेवर लागतो. एफ-१ वरच्या मुलांच्या अशा करपात्र भागातून विद्यापीठ सहसा १४ टक्के आधीच कापून घेतं.

भाची पुण्याहून बारावीनंतर थेट यायचं म्हणते. तिला ऑनर्स मिळेल का?

मिळू शकतं, बहुतेक ऑनर्स कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतात. प्रश्न पैशांचा आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही पदवीनंतरच्या शिक्षणाची. बारावीनंतरच्या मुलीला त्यांचा उपयोग नाही, आणि काही एजंट नेमकं उलटं सांगून पैसे घेतात. तिच्यासाठी विद्यापीठाची स्वतःची गुणवत्तेची शिष्यवृत्ती हाच मुख्य रस्ता. शिवाय व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा सगळा खर्च कुठून येणार हे कागदोपत्री दाखवावं लागतं. एजंटकडे जाण्याआधी तिने स्वतः प्रत्येक विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय प्रवेश कार्यालयाला ईमेल करावी. उत्तरं येतात.

विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण ऑनर्सला नाव आलं नाही. आता?

पहिलं सत्र मनापासून करू द्या. श्रायरसह अनेक ऑनर्स कॉलेजं विद्यापीठात आधीच शिकत असलेल्या मुलांकडून नंतर अर्ज घेतात. तिथे हायस्कूलचे आकडे मागे पडतात. कॉलेजातले ग्रेड आणि मुलाला नीट ओळखणाऱ्या प्राध्यापकाचं पत्र पुढे येतं. त्यासाठी सप्टेंबरपासूनच एका प्राध्यापकाच्या ऑफिस-अवर्सना जायला सांगा, काही अडलेलं नसलं तरी. माझ्या मुलाला ऑनर्स असंच मिळालं, दुसऱ्या वर्षी. पहिल्या दिवशी तो त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आला होता. दुसऱ्या आठवड्यात आत गेला आणि वर्गातल्या एका आकृतीबद्दल विचारलं. प्राध्यापकांनी खुर्ची सरकवून दिली आणि फळ्यावर ती आकृती पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतली.